गुलामगिरी इंग्रजांनी १८४३ मध्येच बंद केली ना? मग सालदारीला गुलामगिरी म्हणणं अतिशयोक्ती नाही का?

तुम्ही प्रश्नाखाली लिहिलंय की तुमच्या आजोबांकडेही सालदार होता आणि त्याला घरच्यासारखं वागवायचे. मी त्या दुसऱ्या बाजूचा आहे. माझा बाप यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावात चौदा वर्षं सालदार होता. म्हणून उत्तर तिथूनच सुरू करतो.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. सालदार म्हणजे वर्षाच्या बोलीवर ठेवलेला शेतगडी. पाडव्याला साल ठरतं. वर्षाची रक्कम, महिन्याची ज्वारी, एक जोडा, एक घोंगडं. वखरणी, डवरणी, बैलांचं चारापाणी, रात्रीची जागल, सगळं त्यातच. साल ठरताना जी रक्कम आधीच हातात मिळते ती उचल. कामावर न गेलेला दिवस म्हणजे खाडा.

१९८७ चा पाडवा. मी सातवीत होतो. सरलेलं साल २,४०० रुपयांचं होतं आणि त्याच्या हिशेबाला बाप मला सोबत घेऊन गेला, कारण त्याला वाचता येत नव्हतं. मालक भला माणूस होता. वही माझ्याकडे सरकवून म्हणाला, "तुहा पोरगा शिकते ना, त्यालेच वाचू दे." मी वाचलं. उचल १,५००, आत्याच्या लग्नासाठी घेतलेली. तिच्यावर महिन्याला शेकडा दोननं व्याज, ३६०. श्रावणात घेतलेली जास्तीची ज्वारी, ४००. दवाखाना, २५०. खाडे ३१, बाराच्या दरानं ३७२. एकूण २,८८२. वर्षभर राबून बापाकडेच ४८२ रुपये निघाले.

"बेरीज बराबर हाये का रे?" बापानं विचारलं.

"बराबर हाये, बा."

आणि ती खरंच बरोबर होती. कुणी लबाडी केली नव्हती, म्हणूनच ही गोष्ट समजायला मला फार वर्षं लागली. २,४०० ला ३६५ नं भागा, दिवसाला साडेसहा रुपये पडतात. महिन्याची ज्वारी धरली तरी नऊच्या पुढे जात नाही. मग खाड्याचे बारा कसे? तर त्या दिवशी मालकाला बाहेरून रोजदार लावावा लागतो आणि त्याची रोजी बारा. म्हणजे बाप वावरात असला की त्याचा दिवस नऊचा, तापानं फणफणून खाटेवर पडला की तोच दिवस बाराचा.

त्या वहीत माझ्या मायचं नाव कुठेच नव्हतं. रोज पहाटे मालकाच्या गोठ्यातलं शेण काढणं, सडासारवण, पोळ्याच्या आधी घर लिपून देणं हे तिनंच करायचं. ते सालदाराच्या बायकोनं करायचंच असतं असं धरलेलं होतं. त्याबद्दल तिला ताक मिळायचं आणि सणावाराला पुरणपोळी. तुम्ही 'घरच्यासारखं' म्हणता तेव्हा मला तो ताकाचा गडवा आठवतो. तुमच्या आजोबांना मी वाईट म्हणत नाही, पण त्यांच्याकडच्या सालदाराच्या बायकोला वर्षाचे किती मिळायचे ते घरात एकदा विचारून बघा.

त्याच वर्षी शेजारच्या गावातला एक कास्तकार बापाला ३,००० द्यायला तयार होता. फक्त म्हणाला, "पयले तिकडचं देनं फेड, मंग ये." ४८२ रुपये काही जमले नाहीत. बाप राहिला.

आता कायदा बघा. १९७६ चा वेठबिगारी निर्मूलनाचा कायदा म्हणतो की उचल किंवा कर्जाच्या बदल्यात ज्याला दुसरीकडे काम धरण्याचं स्वातंत्र्य उरत नाही तो वेठबिगार, आणि त्याचं ते देणंच रद्द. माझ्या समजुतीप्रमाणे बापाच्या डोक्यावरचे ४८२ रुपये कायद्याच्या लेखी देणं नव्हतेच. कायदा येऊन अकरा वर्षं झाली होती, पण आमच्या गावात तो कुणाच्या कानावरही नव्हता.

राहिला १८४३ चा मुद्दा. १८३३ मध्ये ब्रिटिश साम्राज्यातली गुलामगिरी रद्द झाली, मालकांना २ कोटी पौंड भरपाई मिळाली, गुलामांना एक पैसाही नाही. ईस्ट इंडिया कंपनीचा हिंदुस्थानातला मुलूख मात्र त्या कायद्यातून वगळला होता. १८४३ च्या कायद्यानं एवढंच केलं की कोर्टं यापुढे गुलामावरचा मालकी हक्क मानणार नाहीत. माणसाची खरेदी-विक्री गुन्हा ठरली ती १८६० च्या दंड संहितेत. कर्जाला कुणी हात लावला नाही. उलट १८५९ मध्ये असा कायदा आला की उचल घेऊन काम सोडून गेलेल्या मजुराला तीन महिने सक्तमजुरीची कैद होऊ शकते. तो रद्द व्हायला १९२५ उजाडलं. मॉरिशसला, फिजीला गिरमिटावर, म्हणजे मजुरीच्या करारावर, माणसं नेली तीही याच काळात. विकत घ्यायचं बंद झालं आणि करारानं, कर्जानं बांधायचं सुरू झालं, असं मला दिसतं.

आमचा वऱ्हाड तर स्वतःच देण्यापोटी गेलेला मुलूख. निजामाकडे फौजेच्या खर्चाची बाकी थकली म्हणून १८५३ मध्ये तो कंपनीच्या ताब्यात गेला. पुढे १८६१ ला अमेरिकेत यादवी पेटली आणि तिथल्या गुलामांनी वेचलेला कापूस इंग्लंडातल्या लँकेशायरच्या गिरण्यांना मिळेनासा झाला. ती तूट भरायला हिंदुस्थानातून जो कापूस गेला त्यात आमचाही होता. खामगाव-अमरावतीचे बाजार फुगले, १८६७ मध्ये रेल्वे नागपूरला पोचली. दरम्यान युद्ध संपून भाव पडले होते, सावकाराचं देणं राहिलं. तेव्हापासून कोरडवाहू कपाशीवाला कास्तकार सावकाराच्या देण्यात आणि त्याचा सालदार त्याच्या देण्यात. आमच्या मालकाच्या डोक्यावरही कर्ज होतं, हे सांगितलं नाही तर मी खोटा ठरेन.

तरीही सालदारी आणि अमेरिकेतली गुलामगिरी एकच, असं मी म्हणणार नाही. माझ्या बापाला कुणी विकू शकत नव्हतं. मला कुणी ओढून नेलं नाही, मी शिकलो, शिक्षक झालो. हा फरक मोठा आहे. आणि आज आमच्याकडे लाखाच्या खाली सालदार मिळत नाही, तोच अटी घालतो. मला त्याचा आनंद आहे.

पण उचल गेलेली नाही, ती वीटभट्टीवर गेली. दोन वर्षांपूर्वी शाळाबाह्य मुलांच्या सर्वेक्षणासाठी मी एका भट्टीवर गेलो होतो. मेळघाटातलं कोरकू कुटुंब, नवरा-बायको आणि साधारण नऊ वर्षांची मुलगी. मुलगी ओल्या विटा उन्हात उलटवत होती. हाताची बोटं चिखलानं इतकी फुटलेली की तिला पेन्सिल धरता येईना. मजुरी हजार विटांमागे, ती बापाच्या नावावर, बाकी दोघी वहीत नाहीत. होळी आठवड्यावर आली होती. कोरकूंचा सगळ्यात मोठा सण. बाप म्हणाला, "गावाला जायचं आहे गुरुजी, पण हिशेब झाल्याशिवाय सोडत नाहीत." ठेकेदारानं मला वही दाखवली. त्याचीही बेरीज बरोबर होती.

तुमच्या भागात असं कुणी दिसलं तर जिल्हाधिकाऱ्यांच्या नावानं अर्ज द्या, तहसील कार्यालयातही देता येतो. घेतलेले पैसे वेठबिगारीचं देणं नाही हे कायद्यानं मालकाला सिद्ध करावं लागतं, मजुराला नाही. किमान वेतनापेक्षा कमी मजुरीत राबवणं हीसुद्धा सक्तीची मजुरी, असं सर्वोच्च न्यायालयानं १९८२ मध्येच सांगितलंय. अर्जात उचलीचा आकडा लिहाच, पण त्याआधी हे लिहा की त्या माणसाला उद्या सकाळी बायकापोरांसह काम सोडून जाता येईल का, आणि नसेल तर त्याला अडवतं कोण.