अर्धी गाडी तुम्ही चालवा, ताई

एडिसन, न्यू जर्सीहून एका वाचक ताईंनी लिहिलंय: "मी ६७ वर्षांची, हे ७१. दोघंही निवृत्त. जानेवारीत गाडीने फ्लोरिडाला जायचं, फोर्ट लॉडरडेलहून दहा दिवसांची कॅरिबियन क्रूझ करायची, मग की वेस्ट बघून रमतगमत परत यायचं, असा सहा आठवड्यांचा बेत ह्यांनी आखलाय. ह्यांना मधुमेह आहे, पण साखर आटोक्यात आहे. मुलगा-मुलगी म्हणतात, या वयात एवढी दगदग कशाला? मला तर फार जायचंय. पण मुलांचं ऐकलं नाही आणि काही झालं तर, ही धास्ती जात नाही. गाडी हेच चालवतात."

ताई, जरूर जा. मात्र पत्रातलं शेवटचं वाक्य मी तीन-चारदा वाचलं. मुलांना तुमच्या वयाची काळजी वाटते, मला त्या वाक्याची वाटते.

आम्हीही एका जानेवारीत असेच निघालो होतो. साउथ कॅरोलायनातल्या एका रेस्ट एरियात आमच्या ह्यांना एकाएकी गरगरायला लागलं. उभंही राहवेना. ॲम्ब्युलन्स आली, हॉस्पिटलात नेलं. तिथे मला पहिला प्रश्न विचारला तो औषधांचा. यादी ह्यांच्या फोनमध्ये होती आणि फोन उघडायचा कसा ते मला माहीत नव्हतं. दुखणं कानाचं निघालं, दोन दिवसांत बरं वाटलं. पण डॉक्टरांनी गाडी चालवायला मनाई केली आणि पुढचे पाचशे मैल मी चालवले. माझं लायसन्स पंचवीस वर्षांचं होतं, पण त्यावर मी किराणा आणणं आणि देवळात जाणं यापलीकडे काही केलेलं नव्हतं. ट्रक शेजारून गेला की हात घामेजायचे. त्या दिवसापासून आमच्या घरात नियम झालाय: प्रवासातली कुठलीही गोष्ट एकट्याच्याच डोक्यात ठेवायची नाही.

आपल्या पिढीत कामं वाटून घेतलेली असतात. इन्शुरन्स, बँक, गाडी त्यांच्याकडे. डबे, आहेर आपल्याकडे. घरी ते चालून जातं, रस्त्यावर नाही. म्हणून निघायच्या आधी दोघांच्या औषधांची यादी, मात्रा आणि ॲलर्जी एका कागदावर लिहा. एक प्रत तुमच्या पर्समध्ये, एक त्यांच्या खिशात, एक मुलीकडे. हेल्थकेअर प्रॉक्सीचे, म्हणजे आपण बोलू शकलो नाही तर उपचारांचे निर्णय कुणी घ्यायचे ते सांगणारे कागद केले असतील तर त्यांची प्रतही मुलीकडे असू द्या.

आता सगळ्यात महत्त्वाचं, इन्शुरन्स. अनेकांना वाटतं, मेडिकेअर, म्हणजे ज्येष्ठांचा सरकारी आरोग्यविमा, आहे ना, झालं. मूळ मेडिकेअर अमेरिकेबाहेर सहसा चालत नाही. जहाजावरही ते ठरावीक वेळीच लागू होतं: जहाज अमेरिकेच्या बंदरात असेल किंवा तिथून सहा तासांपेक्षा जास्त दूर नसेल तेव्हा. पुढे भर समुद्रात डॉक्टरांचं बिल तुमच्या केबिनच्या खात्यावर चढतं, ते आधी भरायचं आणि मग दावा करायचा. तुमच्याकडे मेडिगॅपचा, म्हणजे मेडिकेअरला जोड म्हणून घेतलेल्या खासगी विम्याचा, जी किंवा एन प्लॅन असेल तर परदेशातल्या तातडीच्या उपचारांचे ८० टक्के मिळतात, पण आधी २५० डॉलर (डिडक्टिबल) स्वतः भरल्यानंतर, प्रवासाच्या पहिल्या ६० दिवसांत, आणि आयुष्यभरात मिळून ५०,००० डॉलरपर्यंतच. बेटावरून विमानाने हलवावं लागलं तर ही रक्कम अपुरी पडू शकते. त्यामुळे 'मेडिकल इव्हॅक्युएशन', म्हणजे आजाऱ्याला असं हलवण्याचा खर्च, असलेला वेगळा प्रवासविमा घ्याच. मधुमेह आधीपासूनचा आहे, तो वगळला जाऊ नये अशी सवलत हवी असेल तर क्रूझचा पहिला हप्ता भरल्यापासून साधारण दोन-तीन आठवड्यांच्या आत विमा घ्यावा लागतो. इथे चालढकल केली तर नंतर पैसे मोजूनही ती सवलत मिळत नाही. मूळ मेडिकेअरऐवजी खासगी कंपनीचं मेडिकेअर ॲडव्हांटेज असेल तर फोन करून नीट विचारा, आणि तो फोन तुम्ही स्वतः करा.

पासपोर्ट. फ्लोरिडातून निघून फ्लोरिडालाच परतणाऱ्या क्रूझला अमेरिकन नागरिकांना पासपोर्टविना जाता येतं, असं कुणीतरी सांगेल. खरं आहे ते. पण बेटावर आजारी पडलात किंवा जहाज चुकलं, तर विमानाने परत यायला पासपोर्टच लागतो. न्याच. भारतीय पासपोर्टवर ग्रीन कार्ड असलेली मैत्रीण किंवा पुण्याहून आलेल्या वन्सं बरोबर येणार असतील, तर प्रत्येक बेटाचा व्हिसा वेगळा तपासावा लागेल. वन्संचा अमेरिकेचा व्हिसा एकापेक्षा जास्त वेळा प्रवेश देणारा आहे ना, हेही बघा.

रस्त्याचं सांगते. एडिसन ते फोर्ट लॉडरडेल सुमारे १,२०० मैल, बहुतेक सगळे आय-९५ या महामार्गावरून. दिवसाला साधारण तीनशेच्या वर नको, अंधार पडायच्या आत मुक्काम. रिचमंड, फ्लॉरेन्स, सव्हाना, सेंट ऑगस्टीन असे चार मुक्काम केले तर पाचव्या दिवशी निवांत पोहोचाल. दर दोन तासांनी उतरून दहा मिनिटं चाला. पायात रक्ताची गुठळी होऊ नये यासाठी याहून सोपा उपाय नाही. सेंट ऑगस्टीनला एक दिवस जास्त ठेवा. तिथला कास्तियो दे सान मार्कोस हा किल्ला १६७२ साली बांधायला घेतला, तोही कोकीना नावाच्या, शिंपल्यांच्या चुऱ्यापासून बनलेल्या दगडात. तोफेचा गोळा आदळला की भिंत फुटायची नाही, गोळाच आत रुतून बसायचा. सिंधुदुर्गाच्या तटावरून फिरलेल्या माणसाला तिथून पाय काढवत नाही.

बर्फाला मात्र कमी लेखू नका. जानेवारी २०२२ मध्ये व्हर्जिनियात, फ्रेडरिक्सबर्गच्या आसपास, याच आय-९५ वर शेकडो गाड्या बर्फात अडकल्या आणि कित्येकांनी चोवीस तासांहून जास्त वेळ गाडीतच काढला. व्हर्जिनिया ओलांडेपर्यंत गाडीत दोन पांघरुणं, पाणी, इन्सुलिन घेत असतील तर ते, आणि दोन दिवस टिकतील अशा दशम्या-चटणी असू द्या. पेट्रोलची टाकी अर्ध्याखाली जाऊ देऊ नका. वादळाचा अंदाज असेल तर एक दिवस थांबा. त्यासाठीच क्रूझच्या आधी दोन दिवस मोकळे ठेवायचे आणि बंदराच्या गावी निदान आदल्या दिवशी पोहोचायचं. परतताना कंटाळा आला तर अॅमट्रॅकची ऑटो ट्रेन आहे: फ्लोरिडातल्या सॅनफर्डहून गाडीसकट चढायचं, रात्र झोपून काढायची आणि सकाळी वॉशिंग्टनजवळच्या लॉर्टनला उतरायचं. सुमारे साडेआठशे मैल वाचतात.

जहाजावर केबिन मधल्या भागात आणि खालच्या मजल्यावर घ्या, तिथे हेलकावे कमी जाणवतात. आलेपाक जवळ असू द्या. मळमळीसाठी कानामागे लावायची पट्टी मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. आपल्या वयात तिने गोंधळल्यासारखं होऊ शकतं, आणि काचबिंदू किंवा प्रोस्टेटचा त्रास असेल तर ती घातकही ठरते. बंदरावर बॅगा काढून घेतात आणि त्या केबिनमध्ये यायला संध्याकाळ होते, म्हणून औषधं हातातल्या पिशवीत. यजमानांच्या साखरेसाठी जेवणाची लवकरची पाळी मागून घ्या. बेटांवरच्या तापलेल्या वाळूत त्यांना अनवाणी चालू देऊ नका. मधुमेहात पाय भाजल्याचं कळतही नाही. बुफेच्या आधी हात साबणाने धुवा. जहाजावर पसरणाऱ्या, उलट्या-जुलाब करणाऱ्या नोरोव्हायरसवर सॅनिटायझर फारसा चालत नाही.

शाकाहाराची चिंता नको. बहुतेक मोठ्या जहाजांवर भारतीय शाकाहारी जेवण मिळतं, पण बुकिंगच्या वेळी कळवा आणि पहिल्या रात्री मुख्य वेटरला पुन्हा सांगा. किटली किंवा छोटा राइस कुकर नेऊ नका, काढून ठेवतात. संक्रांत जहाजावर आली तर तिळगूळ पाकीटबंद, दुकानातला न्या. घरी केलेलं खाणं बऱ्याच कंपन्या चढू देत नाहीत.

घड्याळही मनगटी न्या आणि जहाजाच्या वेळेवर लावा. हिवाळ्यात पोर्टो रिकोतल्या सान हुआनची वेळ न्यू जर्सीच्या एक तास पुढे असते, फोन आपोआप बदलतो, जहाजाची वेळ मात्र कप्तान ठरवतो. स्वतःच्या भरवशावर फिरायला गेलात आणि उशीर झाला तर जहाज निघून जातं.

की वेस्टचा रस्ता घाईने करायचा नाही. ११३ मैल, ४२ पूल, दोन्हीकडे समुद्र. जुनी रेल्वे १९३५ च्या चक्रीवादळात उद्ध्वस्त झाली, त्याच मार्गावर १९३८ मध्ये हा रस्ता खुला झाला. बराचसा भाग दोन लेनचा आहे, तेव्हा उजेडी जा, मधे मॅरेथॉन गावात राहा. सेव्हन माइल ब्रिज तुम्ही चालवा, ताई. अवघड वळणं नाहीत, एक्झिट नाहीत, आणि यजमानांना समुद्र बघता येईल.

घराचं: पाण्याचा मुख्य व्हॉल्व्ह बंद करून नळ रिकामे करा, हीटिंग ५५ फॅरनहाइटच्या खाली नेऊ नका, फुटपाथवरचा बर्फ कोण काढणार ते ठरवा, आणि घर इतके दिवस बंद राहिलं तर चालेल का, हे घराच्या इन्शुरन्सवाल्यांना विचारून घ्या. तुळस मुलीकडे द्या.

मुलांशी वाद घालू नका. त्यांच्या हातात मुक्कामांची यादी, जहाजाचं नाव, केबिनचा नंबर आणि विम्याचा फोन नंबर ठेवा. रोज रात्री एक निरोप पाठवू म्हणा, आणि समुद्रावर एखाद्या दिवशी तो आला नाही तर घाबरू नका, हेही आधीच सांगा. आणि मुलांनो, तुम्ही हे वाचत असाल तर आईला नको म्हणण्याऐवजी दोन शनिवार तिच्याशेजारी गाडीत बसा.

ताई, जानेवारीला अजून वेळ आहे. येत्या रविवारी ब्रिजवॉटरच्या बालाजीला जाल तेव्हा आय-२८७ महामार्गावर गाडी तुम्ही घ्या. यजमानांना शेजारच्या सीटवर बसवा आणि त्यांनी मधे काही सुचवलं तरी उजवी लेन सोडू नका. येतानाही तुम्हीच चालवा.