खोल श्वास घेतला की जास्तच गरगरतं

"ताई, मी सोलापुरात अक्कलकोट रोडला राहते. घरीच शाळेच्या युनिफॉर्मची शिलाई करते. मे-जूनमध्ये माल द्यायची घाई असते. शेठचा फोन वाजला की छातीत धडधडतं, बोटांना मुंग्या येतात, आता मरतेय की काय असं वाटतं. ईसीजी नॉर्मल आला. जाऊबाई म्हणतात, खोल श्वास घे. तो घेतला की जास्तच गरगरतं. सासूबाई म्हणतात, कामाचा कंटाळा, दुसरं काय! मी काय करू?"

अगं, भर उन्हाळ्यात दिवसभर मशीनवर बसणाऱ्या बाईला कंटाळा आलाय म्हणणं अन्यायाचं आहे. तुला होतोय तो त्रास खरा आहे.

जाऊबाईंनी सांगितलं ते चूक नाही, पण अर्धंच आहे. घाबरलेलं माणूस आधीच भराभर श्वास घेत असतं. त्यात तू आणखी छाती भरभरून ओढलास की रक्तातला कार्बन डायऑक्साइड गरजेपेक्षा कमी होतो. मेंदूच्या रक्तवाहिन्या थोड्या आकसतात, म्हणून गरगरतं. बोटांना, ओठांभोवती मुंग्या येतात. मुंग्यांनी भीती वाढते आणि भीतीने श्वास आणखी जोरात चालतो. त्या वेळी जीव जाईल असं वाटतं, पण अशा घाबरण्याच्या झटक्याने जीव जात नाही. बहुतेक वेळा थोड्या वेळात तो आपोआप ओसरतो.

तुझ्यासाठी महत्त्वाचा आहे तो बाहेर सोडायचा श्वास. श्वास सोडताना व्हेगस नावाच्या नसेमुळे हृदयाचे ठोके जरा मंदावतात. म्हणून मशीन बंद कर, पाठ टेकव, एक हात बेंबीवर ठेव. नाकाने नेहमीएवढाच श्वास घे, मनात ४ मोज. मग ओठांचा चंबू करून, गरम चहावर फुंकर घालतो तशी हळू हवा सोड, ६ मोजेपर्यंत. पोटावरचा हात खाली जाताना जाणवू दे. श्वास रोखायचा नाही. ४-६ जड गेलं तर ३-५ कर. मन अर्धवट कटिंगकडे पळणारच. पळालं की हाताखालच्या पोटाकडे परत आण, स्वतःवर चिडू नकोस.

धडधड सुरू झाल्यावरच पहिल्यांदा करायला गेलीस तर जमणार नाही. रोज सकाळी कामाला बसायच्या आधी ५ मिनिटं सराव कर. फोन वाजला की एक श्वास पूर्ण सोड आणि मगच उचल. श्वासाकडे लक्ष दिलं की कुणाकुणाला उलट जास्त घाबरायला होतं. तुझं तसं झालं तर ते सोड. तळपायांना लागणारी फरशी आणि पंख्याचा आवाज यांवर लक्ष ठेव.

श्वासाने शेठची घाई मात्र कमी होणार नाही. पुढची ऑर्डर घेताना नग आणि तारीख वहीत लिही, झेपणार नाही तेवढ्याला तिथेच नाही म्हण. अवघड वाटलं तर नवऱ्याला सोबत घे.

थायरॉइड आणि हिमोग्लोबिनही तपासून घे, त्यातल्या बिघाडानेही धडधडतं. चहा कमी कर. झटके वारंवार येत असतील किंवा झोप उडाली असेल, तर सिव्हिलच्या मानसोपचार विभागात दाखव, जाऊबाईंना घेऊन जा. टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनच्या १४४१६ वर रात्री-अपरात्रीही मोफत बोलता येतं, मराठीतून. पण छातीतली कळ हाताकडे किंवा जबड्याकडे गेली, दरदरून घाम फुटला, तर श्वास मोजत बसू नकोस. लगेच दवाखाना गाठ.