धावताना स्मार्ट घड्याळाचा सूचना देणारा आवाज मध्येच बंद होतो आणि हार्ट रेटही भलताच सांगतो, काय करावं?

आवाज बंद पडण्यामागे बहुतेक वेळा घड्याळ नसून फोन असतो. स्पीकर नसलेल्या बऱ्याच घड्याळांत सूचना फोनवरच्या ॲपमधून इअरफोनला जातात. स्क्रीन बंद झाली की अँड्रॉइड बॅटरी वाचवायला ते ॲप झोपवतं. ॲपच्या बॅटरी सेटिंगमध्ये ‘अनिर्बंध’ निवडा, धावताना बॅटरी सेव्हर बंद ठेवा.

हार्ट रेटचं दुखणं वेगळं. सावकाश धावतानाही १७० ऐकू येत असेल तर मिनिटाला पावलं मोजा. तीही १७० च्या आसपास भरली, तर सेन्सर नाडीऐवजी पावलांचा ठेका पकडतोय. पट्टा सैल असला की हे बऱ्याचदा होतं. घड्याळ मनगटाच्या हाडापासून दोन बोटं वर, कातडी सरकणार नाही इतपत घट्ट बांधा. थंडीत हाताचा रक्तप्रवाह कमी होतो, म्हणून आधी १० मिनिटं अंग गरम करा. इंटरव्हल (आलटून पालटून जोरात आणि सावकाश धावणं) करत असाल तर सरळ छातीला बांधायचा हार्ट रेट पट्टा घ्या. मनगटावरचा आकडा तिथे मागेच पडतो.

आणि हो, सूचनेत तात्कालिक पेस (त्या क्षणाचा धावण्याचा वेग) नको, लॅपची म्हणजे त्या टप्प्याची सरासरी ठेवा. जीपीएसचा क्षणाक्षणाचा आकडा झाडाखाली किंवा इमारतींमध्ये फार उड्या मारतो.