गुडघे दुखतेत, झोप नाही, अन् या वयात पोहायला जायचं का?

लातूरकडच्या एक ताई (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत) माझ्याकडं झोपेची तक्रार घेऊन आल्या. पन्नाशी जवळ आलेली, पाळी मागंपुढं व्हायलेली, रात्री दोन-तीनला जाग आली की छातीत धडधड अन् डोक्यात पोराची नोकरी, सासूचं दुखणं, सगळं एकदमच. फिरायला जावा म्हणलं तर म्हणाल्या, "मॅडम, गुडघेच साथ देईना गेलेत, कुठं फिरू?" ही तक्रार माझ्याकडं सारखी येते. व्यायाम कर म्हणणारे ढीगभर असतेत, पण ज्याला चालवतच नाही त्यानं काय करावं हे कुणी सांगत नाही.

बोलता बोलता कळलं की ह्या बाई लहानपणी मळ्यातल्या विहिरीत सुका भोपळा बांधून पोहायला शिकलेल्या, पुढं काठावरून मुटका पण मारायच्या! न्हाणं आलं अन् आजीनं बंद केलं. हे सांगताना चेहरा असा खुलला की मी तोच धागा धरला, म्हणलं परत सुरू करा.

"या वयात? लोक हसतेत की." म्हणजे अडचण पाण्याची नव्हतीच, कपड्याची अन् लोकांची होती. मग बायकांची वेगळी बॅच शोधली, अंगभर कॉस्च्युम मिळतो हे सांगितलं. मिस्टर लगेच "जा की" म्हणाले, सासूबाईंनी मात्र तोंड वाकडं केलं ते केलंच.

हाडाच्या डॉक्टरांना विचारून सुरुवात केली. पहिले काही आठवडे पोहणं नाही, नुसतं छातीइतक्या पाण्यात चालायचं. एवढ्या खोल पाण्यात शरीराचं साधारण पाऊण वजन पाणीच पेलतं, म्हणून जमिनीवर कुरकुरणारा गुडघा तिथं मुकाट हलतो, अन् पाणी ढकलावं लागतं त्यामुळं मांडीला, पाठीला, दमाला व्यायाम होतोच.

मनाचं म्हणाल तर मला सगळ्यात कामाचा वाटतो तो श्वास. तोंड पाण्यात असताना सावकाश सोडायचा, वर आल्यावर घ्यायचा, हे आपोआप तालात बसतं, अन् लांब सोडलेल्या श्वासानं धडधड उतरते. शिवाय तेवढा वेळ फोन नाही, कुणाची हाक नाही, घरच्या बाईला हे केवढं मोठं आहे ते बाईलाच कळतं.

दोनेक महिन्यांनी जाग येतच होती पण परत डोळा लागायला लागला, जिना चढताना कठडा धरावा लागेना. वजन? फार हललं नाही, कारण पोहून आलं की भूक सडकून लागते अन् आपल्याकडं पोहे-भजी तयारच असतेत.

दोन गोष्टी मात्र मी त्यांना पहिल्यांदाच बजावल्या होत्या. झोपेची गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करायची नाही. अन् पाण्यात हाडांवर फारसा भार पडत नाही, पाळी जाताना तर हाडं ठिसूळ व्हायला लागतेत, म्हणून खुर्चीवरून हात न टेकता उठणं-बसणं, थोडं वजन उचलणं जमिनीवरच करायचं.

हेच पुढं कामाला पण येतं. ज्या लातूरला २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं तिथं टंचाईत पोहण्याचा तलाव बंद झाला तर तक्रार कुणाकडं करणार? तेवढे महिने ताई घरातच खुर्चीचा व्यायाम अन् श्वास दोन्ही करतेत.