मार्केटिंगमध्ये जायचंय पण मिळतायत सगळ्या सेल्सच्याच नोकऱ्या, काय करू?

तू विचारलंयस की बीकॉमचं शेवटचं वर्ष चालू आहे, मार्केटिंगमध्ये करिअर करायचंय पण कॉलेजात येणाऱ्या कंपन्या सगळ्या सेल्सवाल्या, तर ती नोकरी घेऊ, एमबीएची तयारी करू की तीन महिन्यांचा डिजिटल मार्केटिंगचा कोर्स लावू. (वयानं लहान आहेस म्हणून अरेतुरे करतोय, राग मानू नकोस.)

सेल्सची घे. एक-दीड वर्ष तरी कर.

मी पण सांगलीत बीकॉम केलं आणि मला वाटायचं मार्केटिंग म्हणजे एसी ऑफिस, टॅगलाईन, प्रेझेंटेशन. लागलो कुठं तर साबण-शाम्पूच्या एका कंपनीच्या डिस्ट्रिब्युटरकडं. सोमवारी गणपती पेठ, मंगळवारी विश्रामबाग, बुधवारी कुपवाड अशी बीट ठरलेली, दिवसाला चाळीसेक दुकानं, गाडी स्वतःची, पेट्रोलचे पैसे महिन्यानंतर. आई शेजारी सांगायची "मार्केटिंगला आहे", आणि मी मनात म्हणायचो, कसलं मार्केटिंग, ऑर्डरी घेत फिरतोय.

कुपवाडला एमआयडीसीच्या रस्त्याला एक दुकानदार काका होते. मी दर बुधवारी त्यांच्या गळ्यात शाम्पूची मोठी बाटली मारायला बघायचो, बारावर एक फ्री अशी स्कीम होती, मार्जिनही बरं सुटत होतं, तरी घ्यायचे नाहीत. एकदा वैतागून म्हणाले, "बस हितं गल्ल्यापाशी, शिफ्ट सुटू दे, मग बोल." बसलो. सहा वाजून गेल्यावर जी गर्दी झाली त्यात शाम्पू मागणारे दहा-बारा तरी असतील, बाटली एकानंही मागितली नाही. आणि ब्रँडचं नाव तर जवळजवळ कुणीच घेतलं नाही, "काका दोन निळ्या पुड्या द्या", "ती काळी द्या, परवा दिलेली", बास. निळीची माळ काकांच्या डोक्यावरच्या खिळ्याला, हात वर केला की हाताला लागेल अशी. आमची माळ कुठं, तर मागं उदबत्तीच्या खोक्यांआड. त्या दिवशी बाटलीचा नाद सोडला आणि काकांकडं पुढचा एक खिळा मागितला. पुढच्या बुधवारी गेलो तर माळ संपलेली.

हेच तर मार्केटिंग आहे रे. पाच आणि दहा रुपयांचे पॅक बघ, कच्चा माल महागला की किंमत तीच राहते आणि आतले ग्रॅम कमी होतात, कारण अकरा रुपये केले की सुट्ट्यावरून गिऱ्हाईक आणि दुकानदार दोघांची कटकट सुरू. निरमाचे करसनभाई पटेल 1969 मध्ये अहमदाबादला नोकरी सांभाळून सायकलवरून दारोदार पावडर विकायचे, समोरच्या बाईला किती परवडतं हे त्यांना दारातच कळत होतं.

सगळं गोड नव्हतं बरं का. कंपनी डिस्ट्रिब्युटरला विकते ती प्रायमरी, डिस्ट्रिब्युटर दुकानदाराला विकतो ती सेकंडरी. महिनाअखेर आली की प्रायमरीचं टार्गेट भरायला गोडाऊनमध्ये माल कोंबायचा, साहेबांचा इन्सेंटिव्ह निघायचा आणि पुढचे दहा दिवस डिस्ट्रिब्युटरच्या शिव्या मी खायचो. एकदा साहेबांच्या सांगण्यावरून "राहिलेला माल परत घेतो" असं मी तोंडी बोलून बसलो, कंपनीनं घेतला नाही. त्या माणसापुढं उभं राहायची लाज वाटायची. तू असलं काही व्हॉट्सअपवर तरी लिहून घेतल्याशिवाय बोलू नकोस.

दोन वर्षांनी पुण्यात ट्रेड मार्केटिंगच्या (दुकानात माल कुठं, कसा दिसेल आणि दुकानदाराला स्कीम काय द्यायची हे बघायचं काम) जागेसाठी इंटरव्ह्यू दिला, तिथं डिग्रीबद्दल फारसं विचारलं नाही, खिळ्याची गोष्ट सांगितली त्यावर मात्र अर्धा तास बोलणं झालं आणि जागा मिळाली.

एमबीएचं म्हणशील तर सीईटीत चांगला नंबर आला, जमनालाल बजाजसारखं कॉलेज मिळालं तर डोळे झाकून जा. पण कुठल्याही कॉलेजला कर्ज काढून जाशील आणि दोन वर्षांनी परत हीच सेल्सची नोकरी घेशील, आणि वर हप्ता. डिजिटलचं बेसिक गूगलच्या स्किलशॉपवर फुकट आहे, त्यासाठी चाळीस हजार घालवू नको. क्लास लावायचाच असला तर आधी नोट्स बघ, गूगल ऍनालिटिक्सची (वेबसाइटवर किती लोक आले, काय बघितलं ते मोजायचं साधन) जुनी आवृत्ती जुलै 2023 ला बंद पडली, तिचे स्क्रीनशॉट दिसले तर उठून ये.

त्यापेक्षा एखादी खरी वस्तू विकून बघ. मध्यंतरी आम्ही मुलाखती घेतल्या, त्यात तासगावची एक मुलगी होती, घरचे बेदाणे व्हॉट्सअपवर विकलेले. किती जणांनी भाव विचारला, किती जणांनी घेतले, अर्ध्या किलोचं पाकीट एक किलोपेक्षा जास्त का गेलं, सगळं तोंडपाठ. सर्टिफिकेट एक नव्हतं. तिलाच घेतलं.

आणि "मार्केटिंग एक्झिक्युटिव्ह" म्हणून बोलावून रजिस्ट्रेशनचे किंवा ट्रेनिंगचे पैसे मागितले, किंवा आधी आपल्या खाली माणसं जोड म्हणाले, तर चहा पण न पिता निघ. बाकी ठिकाणी इंटरव्ह्यूत एवढंच विचार की माझं टार्गेट प्रायमरीचं की सेकंडरीचं. सेकंडरी म्हणाले तर दुकानदारांत फिरायला मिळेल, प्रायमरी म्हणाले तर महिनाअखेरीची तयारी ठेव.