आरतीच्या आवाजात दडलेला पत्ता

प्रश्न : आमच्या सोसायटीच्या गणेशोत्सवातील खजिना-शोधासाठी मुलांनी आरतीच्या ऑडिओ फाइलमध्ये पुढच्या ठिकाणाचा पत्ता दडवला होता. आरती नेहमीसारखीच ऐकू येत होती आणि पेनड्राइव्हवरून पत्ता नीट निघतही होता. मात्र तीच फाइल एमपीथ्री करून पाठवल्यावर त्यातून काहीच हाती लागले नाही. असे का व्हावे?
– एक वाचक, नौपाडा, ठाणे

उत्तर : संगणकाच्या लेखी आवाज म्हणजे आकड्यांची रांग. सीडीच्या दर्जाच्या वेव्ह फाइलमध्ये ध्वनिलहरीची उंची प्रत्येक चॅनेलमागे (डावा आणि उजवा असे दोन चॅनेल) सेकंदाला ४४,१०० वेळा मोजलेली असते आणि प्रत्येक मोजमाप १६ बिटांत, म्हणजे शून्य किंवा एक अशा १६ अंकांत, नोंदवलेले असते. त्यातला शेवटचा बिट बदलला, तर १२,८४६ चे १२,८४७ होतात, एवढेच. टाळ-झांजांच्या गजरात हा फरक कोणाच्याही कानाला कळणार नाही. मुलांनी बहुधा हाच मार्ग धरून पत्त्यातले बिट या शेवटच्या बिटांच्या जागी बसवले असावेत. अक्षरे बिटांत लिहिण्याच्या युनिकोडच्या यूटीएफ-८ पद्धतीत ‘क’ हे अक्षर २४ बिट घेते, आणि ते लागोपाठच्या २४ मोजमापांच्या शेवटी बसवले, की एका चॅनेलमधला जेमतेम अर्धा मिलिसेकंद खर्ची पडतो. दोन्ही चॅनेल वापरले तर सेकंदाला ११,०२५ बाइट (आठ बिटांचा एक बाइट) मावतात. म्हणजे पत्ताच काय, सोसायटीच्या वार्षिक सभेचे अख्खे इतिवृत्तही आरतीत सहज दडवता येईल (ते कोणी शोधून काढून वाचेल का, हा प्रश्न वेगळा).

एमपीथ्री मात्र आकडे जपत नाही, कानाला जे ऐकू येते तेवढेच जपते. मोठ्या आवाजाच्या आड जवळच्या पट्टीतला क्षीण आवाज ऐकू येत नाही, या मानवी मर्यादेचा फायदा घेऊन ती पद्धत माहिती गाळते. फाइल पुन्हा उलगडल्यावर मिळणारे आकडे मूळ आकड्यांच्या जवळपासचे असतात, पण नेमके तेच नसतात. त्यामुळे शेवटच्या बिटांत ठेवलेला पत्ता सर्वांत आधी नाहीसा होतो. आकार कमी करायचाच असेल, तर वेव्ह फाइल फ्लॅकमध्ये बदलावी किंवा झिप करावी, कारण या दोन्हींत एकही बिट हरवत नाही. मजकूर एमपीथ्रीतच हवा असेल, तर तो संकोचनाच्या प्रक्रियेदरम्यानच पेरावा लागतो. फाबियां पेतिकोला यांचे एमपीथ्रीस्टेगो हे सॉफ्टवेअर तसेच करते. अतिसूक्ष्म प्रतिध्वनी मिसळून, त्याच्या उशिराच्या दोन ठरावीक अंतरांनी शून्य आणि एक दर्शवण्याची पद्धतही १९९०च्या दशकात मांडली गेली. ती अधिक टिकाऊ आहे, पण तिच्यात मजकूर फारच थोडा मावतो.

मजकूर दडवला म्हणून तो कुलूपबंद झाला, असे मात्र समजू नये. ज्याला पद्धत ठाऊक आहे, तो शेवटचे बिट ओळीने काढून पत्ता वाचू शकतो. म्हणून पत्ता आधी सांकेतिक करून मगच पेरावा. शिवाय आरती बाजारातल्या सीडीवरची असेल, तर मूळ फाइल कोणालाही मिळू शकते आणि दोन्ही फाइलींची वजाबाकी केली, की बदललेले बिट लगेच उघडे पडतात. पुढच्या वर्षी मुलांनी आरती स्वतः ध्वनिमुद्रित करावी आणि पत्ता पेरल्यावर मूळ फाइल पुसून टाकावी.