वाचकांचे प्रश्न : अंगठा दिला, धान्य कुठंय?

गेल्या महिन्यात रेशनवर दोन ओळी काय लिहिल्या, पत्रांचा आणि मेसेजचा नुसता ढीग लागला. त्यामुळे या वेळचं सगळं सदर त्यालाच दिलंय. नावं कुणाचीच छापत नाहीये, बऱ्याच जणांनी तसं सांगितलंय आणि कारणही समजू शकते, गावात दुकान एकच असतं आणि दुकानदाराचं तोंड रोज बघावं लागतं.

प्रश्न : ताई, आमचं केशरी कार्ड आहे, प्राधान्यमधलं, घरात चार माणसं. आई रेशन आणायला जाते. दुकानदार महिन्याच्या सुरुवातीला सगळ्यांचे अंगठे घेऊन ठेवतो आणि म्हणतो गाडी आली की या. मग पंधरा दिवसांनी गेलं तर कधी 15 किलो देतो कधी 16, म्हणतो वरूनच कमी आलंय. पावती मागितली की रोल संपलाय. हे खरं असतं का? (सोलापूर जिल्हा)

दादा, तुमच्या पत्रातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट तुम्ही सहज लिहून गेलात, की अंगठे आधी घेतो आणि धान्य नंतर देतो. सगळी चोरी याच मधल्या पंधरा दिवसांत होते. ज्या क्षणी आईचा अंगठा मशीनवर लागला त्या क्षणी सरकारच्या कॉम्प्युटरमध्ये नोंद पडली की या कुटुंबाला अमुक किलो धान्य मिळालं. दुकानदाराकडे त्याचा हिशोब पूर्ण झाला. आता त्या पोत्यांचं तो काय करतो ते विचारणारं कुणी नाही, कारण तुमच्या अंगठ्याने तुम्हीच लिहून दिलंय की मला मिळालं. पूर्वी कोऱ्या कागदावर सही घ्यायचे ना, तसंच आहे हे.

आता हिशोब बघा. 2013 च्या अन्न सुरक्षा कायद्यात प्राधान्य कुटुंबाला माणशी महिन्याला 5 किलो आहेत. गहू किती आणि तांदूळ किती हे अधूनमधून बदलतं पण बेरीज 5 च्या खाली जात नाही. चार माणसं म्हणजे 20 किलो. अंत्योदयचं पिवळं कार्ड असेल तर माणसं कितीही असोत, कार्डावर 35 किलो. आणि जानेवारी 2023 पासून हे धान्य फुकट आहे, एक रुपयाही द्यायचा नाही, हमाली म्हणून नाही, पिशवी म्हणून नाही.

"वरून कमी आलंय" हे मी वीस वर्षं ऐकतेय. कधी कधी खरंच कमी येतं, सगळेच दुकानदार चोर आहेत असं मी म्हणणार नाही, काही जण स्वतः गोदामातून पोत्यामागे किलो दोन किलो कमी घेऊन येतात आणि बोलू शकत नाहीत. पण ते तपासता येतं. महाईपॉस नावाची सरकारी वेबसाइट आहे, तिथे तुमच्या कार्डाचा बारा अंकी नंबर टाकला की कार्डावर किती माणसं आहेत, या महिन्यात किती धान्य मंजूर झालं आणि कोणत्या तारखेला किती उचललं हे सगळं दिसतं. मोबाइलवर मेरा राशन अॅप आहे, त्यातही दिसतं. तिथे 20 दिसत असेल आणि घरात 15 आले असतील तर मधले 5 किलो दुकानातच राहिलेत, त्याला दुसरं उत्तर नाही. त्या पानाचा स्क्रीनशॉट काढून ठेवा, प्रत्येक महिन्याचा.

आणि आईला एवढंच सांगा, धान्य काट्यावर चढल्याशिवाय अंगठा नाही. आधी माप, मग अंगठा, मग पावती. छापील पावतीवर किती किलो ते लिहिलेलं असतं, ते वाचता येत नसेल तर शेजारच्या शाळकरी पोराला दाखवायचं. रोल संपला म्हणाला तर म्हणायचं आम्ही थांबतो. मला माहितीय हे लिहायला सोपं आहे, रांगेत मागे तीस बायका उभ्या असताना एकटीने बोलणं अवघड जातं, म्हणून एकटीने बोलूच नका. आमच्या भागात पाच-सहा जणींनी मिळून ठरवलं होतं की एकाच दिवशी जायचं आणि सगळ्यांनी पावती मागायची, पहिल्या महिन्यात भांडण झालं, दुसऱ्या महिन्यात रोल आला.

तक्रार करायची तर 1967 हा हेल्पलाइन नंबर आहे, राज्याचा टोल फ्री 1800 22 4950. फोनवर तक्रार नंबर मिळेल तो लिहून घ्या. पण नुसत्या फोनवर राहू नका, तालुक्याला तहसील कचेरीत पुरवठा शाखेत लेखी अर्ज द्या, स्क्रीनशॉट जोडा, आणि दुसऱ्या प्रतीवर पोच म्हणून शिक्का घ्या. शिक्क्याशिवाय तो अर्ज दिलाच नाही असं समजा. तिथे हललं नाही तर कायद्याच्या कलम 15 प्रमाणे प्रत्येक जिल्ह्यात तक्रार निवारण अधिकारी असतो आणि त्याच्या वर राज्य अन्न आयोग आहे. रेशनचं धान्य काळ्या बाजारात विकणं हा अत्यावश्यक वस्तू कायद्याखालचा गुन्हा आहे, "चालतंय" म्हणून सोडून द्यायची गोष्ट नाही.

आणि एक गोष्ट लोकांना माहीतच नाहीये, तुम्ही त्याच दुकानाला बांधलेले नाही. ऑनलाइन जोडलेलं कार्ड असेल तर राज्यातल्या कुठल्याही रेशन दुकानात जाऊन अंगठा लावून धान्य घेता येतं. शेजारच्या गावचा दुकानदार नीट माप देत असेल तर तिथे जा. किती खेपा पडतात आणि भाडं किती लागतं ते बघून ठरवा, पण आपण जाऊ शकतो हे दुकानदाराला कळलं तरी बऱ्याचदा वागणं बदलतं.

प्रश्न : मॅडम, व्हॉट्सअॅपवर मेसेज आला की तुमची ई-केवायसी झालेली नाही, आज रात्री रेशनकार्ड बंद होणार, खालची फाइल इन्स्टॉल करा. मी केली. फॉर्म भरला, त्यात आधार आणि बँकेचं विचारलं होतं. दुसऱ्या दिवशी खात्यातून तीन वेळा पैसे गेले. मला ओटीपी कुणी विचारलाच नाही, मग गेले कसे? (पुणे)

ओटीपी विचारायची गरजच पडली नाही, कारण तुम्ही जी फाइल टाकली ते अॅपच तुमचे एसएमएस वाचत होतं. इन्स्टॉल करताना ते परमिशन मागतं आणि आपण घाईत सगळ्याला अलाऊ अलाऊ करत जातो. त्यानंतर बँकेचा ओटीपी तुमच्या फोनवर आला की तिकडे त्या माणसालाही दिसतो.

हे वाचणाऱ्या कुणाचं आत्ता असं झालं असेल तर पुढचं वाचायच्या आधी फोनचं नेट आणि वायफाय बंद करा, आणि दुसऱ्याच्या फोनवरून 1930 ला लावा. तो सायबर फसवणुकीचा नंबर आहे, पैसे पुढच्या खात्यात सरकायच्या आत कळवलं तर अडवता येण्याची शक्यता असते, त्यामुळे आधी नातेवाइकांना विचारू मग बघू असं करू नका. लगेच बँकेला पण कळवा आणि तक्रार नंबर घ्या. रिझर्व्ह बँकेच्या 2017 च्या नियमात असं आहे की चूक ग्राहकाची असली तरी बँकेला कळवल्यानंतर जे पैसे जातील त्याची जबाबदारी बँकेची, म्हणून कळवल्याची वेळ महत्त्वाची. ते अॅप काढून टाका, जमलं तर फोन रिसेट करा आणि बँकेचे पासवर्ड दुसऱ्या फोनवरून बदला.

चोरांनी हा मेसेज हवेतून नाही काढला. ई-केवायसी, म्हणजे कार्डावरच्या माणसाची आधारवरून ओळख पटवणं, खरंच चालू आहे, तारखा खरंच येतात आणि बऱ्याचदा पुढेही ढकलल्या जातात, म्हणून लोक आधीच घाबरलेले असतात की कार्ड बंद पडलं तर काय. त्याच भीतीवर ते पोट भरतात. खरी ई-केवायसी रेशन दुकानातल्या मशीनवर होते, घरातल्या प्रत्येकाने जाऊन अंगठा लावायचा, फुकट. चेहऱ्यावरून करायचं सरकारी मेरा ई-केवायसी अॅप आहे पण ते प्ले स्टोअरवरूनच घ्यायचं. व्हॉट्सअॅपवर फाइल म्हणून आलेलं अॅप सरकारचं नसतं. आणि रेशनच्या ई-केवायसीला बँक खातं, एटीएम कार्ड, पिन यातलं काहीही लागत नाही. ते विचारलं म्हणजे तिथेच थांबायचं.

तुम्ही स्वतःला खूप दोष दिलाय पत्रात. नका देऊ. ज्याच्या घरी कार्ड बंद पडलं तर चूल अडते तो माणूस घाबरणारच.

प्रश्न : माझी सासू 74 वर्षांची, आयुष्यभर शेतात आणि ऊसतोडीला गेली, बोटांच्या रेषा झिजल्यात. मशीन अंगठा घेत नाही. दुकानदार म्हणतो नाव कटणार. आता एक मुलगा घरी आला, म्हणाला मी अंगठ्याचं काम करून देतो, आधारची झेरॉक्स आणि 500 रुपये द्या, आणि मोबाइलवर येईल तो नंबर सांगा. देऊ का? (बीड)

नाही, अजिबात देऊ नका. ना पैसे, ना नंबर.

मावशींच्या बोटांवर रेषा नाहीत कारण त्यांनी काम केलंय, यात त्यांचा काय गुन्हा. झारखंडमध्ये रेशन तुटल्यावर एक लहान मुलगी गेली, त्यानंतर 24 ऑक्टोबर 2017 ला केंद्राने सगळ्या राज्यांना लेखी कळवलं की आधार नाही किंवा बोट जुळत नाही एवढ्या कारणाने खऱ्या लाभार्थ्याचं धान्य थांबवायचं नाही, नाव काढायचं नाही, आणि असं धान्य दिलं की वेगळ्या रजिस्टरला नोंद करायची. दुकानदाराला हे माहीत असतं. तुम्हाला माहीत आहे हे त्याला कळू द्या.

प्रत्यक्षात काय करायचं तर आधी दुसरी बोटं लावून बघा, हात कोमट पाण्याने धुऊन कोरडे करून. धान्य घेताना कार्डावरच्या घरातल्या दुसऱ्या कुठल्याही माणसाचा अंगठा चालतो, मावशींचाच पाहिजे असं नाही. नवीन मशीनवर डोळ्याचं स्कॅनिंगपण होतं. आणि आधार केंद्रात जाऊन बोटं आणि डोळे पुन्हा अपडेट करून घ्या, त्या वेळी मोबाइल नंबर कुणाचा जोडलाय ते जरूर बघा. मोबाइल नंबर बाहेरच्या कुणाचा निघाला तर मात्र गंभीर आहे, कारण बोट लागत नसेल तेव्हा ओटीपीवर धान्य सोडता येतं, आणि ओटीपी ज्याच्या फोनवर येतो अंगठा त्याचाच झाला म्हणायचं. तो घरी आलेला मुलगा "येईल तो नंबर सांगा" म्हणतोय, तो मागतोय तो हाच.

आधारशी जोडलेल्या बँक खात्यातून अंगठ्यावर पैसे काढता येतात, बोटांचे ठसे सिलिकॉनवर उतरवून लोकांचे पैसे काढल्याच्या केसेस झाल्यात. म्हणून रस्त्यावर टेबल टाकून "योजनेसाठी अंगठा द्या" म्हणणाऱ्याला अंगठा देऊ नका. आधारच्या सरकारी अॅपमध्ये बायोमेट्रिक, म्हणजे बोटांचे आणि डोळ्यांचे ठसे, लॉक करायची सोय आहे. लॉक असताना रेशनच्या मशीनवरही अंगठा चालणार नाही हे लक्षात ठेवा, दुकानात जायच्या आधी उघडायचं आणि आल्यावर परत लावायचं. मावशींना हे जमणार नाही, घरातल्या कुणीतरी अंगावर घ्यावं लागेल. आधारची हेल्पलाइन 1947.

प्रश्न : आमच्या दुकानात सगळ्यांची कार्डं दुकानदारानेच ठेवून घेतलीत, म्हणतो हरवतात म्हणून. (पालघर)

परत घ्या, याच आठवड्यात. धान्य दिल्यावर कार्ड ठेवून घ्यायचा अधिकार त्याला नाही. मागूनही देत नसेल तर सगळ्यांनी मिळून तहसीलदारांना अर्ज करा, त्यात प्रत्येकाचा कार्ड नंबर लिहा. नंबर पाठ नसेल तर मेरा राशनवर आधार नंबरवरून कार्डाची माहिती निघते. उधारी फिटेपर्यंत कार्ड गहाण ठेवतात असंही तुम्ही शेवटी लिहिलंय, तसं असेल तर अर्जात ते स्पष्ट लिहा, लपवू नका, त्यात लाज त्या ठेवून घेणाऱ्याची आहे.

प्रश्न : मी सुरतला कामाला, बायको-मुलं नंदुरबारला. मी इथे माझं धान्य घेतलं तर तिकडचं बंद होतं असं एक जण म्हणाला. आणि मी इथे असताना तिकडे कुणी माझ्या नावावर उचलत असेल तर कसं कळणार?

बंद होत नाही. वन नेशन वन रेशन कार्डची सुरुवात ऑगस्ट 2019 मध्ये ज्या राज्यांच्या जोड्यांपासून झाली त्यातली एक जोडी महाराष्ट्र-गुजरातच होती, त्यामुळे सुरतच्या दुकानदाराने "बाहेरचं कार्ड चालत नाही" म्हटलं तर ते चुकीचं आहे. तुम्ही तुमच्या वाट्याचं तिथे घ्या, उरलेलं बायको इथे घेईल. फक्त आपसात फोनवर बोलून ठरवा, कारण एकाने सगळं उचललं तर त्या महिन्यात दुसऱ्याला शिल्लक राहत नाही, आणि मग घरच्यांना वाटतं दुकानदाराने खाल्लं.

कुणी उचलतंय का ते वर सांगितलेल्या महाईपॉसवर किंवा मेरा राशनवर बघा, तारीख दिसते. आणि आधारच्या वेबसाइटवर ऑथेंटिकेशन हिस्टरी म्हणून असतं, गेल्या सहा महिन्यांत तुमचा आधार कधी आणि कशाने, बोटाने का ओटीपीने, वापरला ते त्यात येतं. ज्या तारखेला तुम्ही कारखान्यात होतात त्या तारखेला तुमच्या बोटाची नोंद दिसली तर कारखान्याची हजेरी काढून ठेवा. तहसीलला तो कागद तुमच्या बाजूने बोलेल. बायकोला पण एकदा तिची हिस्टरी बघायला सांगा, ओटीपी तिच्याच फोनवर येतो ना तेवढं आधी विचारा.